पिस्तुलाला हळदकुंकू

अमेरिकेतल्या एका शाळेत मुलांनीच मुलांवर गोळ्या झाडल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हा मला काय झालं असेल? वाईट वाटलं असेल? छे. मला मुद्दे सुचले.

तेव्हा आम्ही कुवेतला होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवरा कुवेत सिटीत एका कंपनीत अकाउंटंट, मुलगा इंडियन शाळेत नववीत, आणि मी घरी, पुण्याहून आणलेली मानसशास्त्राची बी.ए. सेकंड क्लास उराशी धरून बसलेली. इतक्या वर्षांत त्या डिग्रीला कोणी हिंग लावून विचारलं नव्हतं. पडद्यावर ती मुलं हात डोक्यावर घेऊन शाळेबाहेर पळत होती, त्यांच्या आया कुंपणापाशी रडत होत्या, आणि आमच्या बाईसाहेब सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. त्या वेळच्या मला मी बाईसाहेबच म्हणते. मी म्हणावं इतकी काही ती मला आवडत नाही.

"याची कारणं असतात," बाईसाहेब नवऱ्याला म्हणाल्या. "शास्त्रीय."

"असतील," नवरा म्हणाला. "आधी आमटी गरम कर."

आमटी गरम केली, पण कारणं थंड होऊ दिली नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला गेले तेव्हा लायब्ररीत बसून टिपणं काढली. सप्टेंबरात परत आलो, तर तिथल्या मराठी मंडळाच्या गाण्याच्या कार्यक्रमातल्या गायकाचा घसा बसलेला. मी लगेच म्हटलं, मी व्याख्यान देते. विषय: मुलं बंदूक का उचलतात?

साल्मियातल्या एका इमारतीच्या तळघरात शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी सगळं मंडळ जमलं. व्याख्यानानंतर चिवडा आणि बासुंदी होती, म्हणून लोक शांत बसले. मी प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवून एकेक कारण भिंतीवर पाडत होते. एक, व्हिडिओ गेम. दोन, टीव्ही. तीन, छोटे फ्लॅट, मैदान नाही. बोलताना माझ्या हाताशी टेबलावर फुलदाणी होती, माझीच, घरून आणलेली. ती फुलदाणी म्हणजे तोफेच्या गोळ्याचं पितळी टरफल. आखाती युद्धानंतर खैरानला, समुद्रकाठी, सहलीला गेलो होतो तेव्हा वाळूत सापडलेलं. चिंच लावून घासलं की सोन्यासारखं चमकायचं. त्यात प्लॅस्टिकचे गुलाब खोचून बाईसाहेब म्हणत होत्या, "हिंसेची मुळं घरात असतात." कोणी हसलं नाही. निम्म्या लोकांच्या घरी तसलीच फुलदाणी होती.

चौथं कारण होतं, घराबाहेर असणाऱ्या आया. ते भिंतीवर पाडलं आणि मी दुसऱ्या रांगेकडे बघितलं.

तिथे सिस्टर बसली होती. मालवणकडची, सरकारी हॉस्पिटलात नर्स. तिचा नवरा अम्गराला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. मंडळात आम्ही सगळ्या एकमेकींना वहिनी म्हणायचो, तिला मात्र सिस्टर. हे कोणी ठरवलं नव्हतं, तरी सगळ्यांनी पाळलं होतं. तिचा मुलगा माझ्या मुलाच्याच वर्गात होता. गळ्यात दोरीला घराची किल्ली, आणि वहीच्या मागच्या पानावर रणगाडे. त्या देशात त्या काळी वाळवंटात गंजलेले रणगाडे पडलेले असायचे, येताजाता दिसायचे. पोरानं काय माड काढायचे? पण आमच्या घरी खेळायला आला असताना मी त्याची वही चाळली होती.

"काही मुलं वहीच्या मागच्या पानावर रणगाडे काढतात," मी म्हटलं. "अशा मुलांवर वेळीच लक्ष ठेवायला हवं."

नाव घेतलं नाही. गरजच नव्हती, अख्खी रांग वळून बघायला लागली. सिस्टरने पदर सारखा केला आणि भिंतीवरचं चौथं कारण वाचत राहिली. नंतर तिने बासुंदी घेतली नाही.

व्याख्यान इतकं गाजलं की शाळेपर्यंत गेलं. प्रिन्सिपॉल केरळच्या ख्रिश्चन बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी माझी टिपणं मागवून घेतली आणि मला पालक समितीवर घेतलं. पंधरा दिवसांत मी नियम करून घेतला: शस्त्र, शस्त्रासारखी वस्तू किंवा शस्त्राचं चित्र ज्याच्या बॅगेत सापडेल, त्याच्या हातात टीसी, शाळा सोडल्याचा दाखला.

मध्येच टीसी मिळणं म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या शाळेत जागा नसायची. मग पोरगं इंडियाला, जो नातेवाईक हो म्हणेल त्याच्याकडे, आणि आईबाप इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, सांभाळत इथे वाळवंटात. "कडक आहे," एक वडील म्हणाले. "कडकच हवं," मी म्हटलं. ज्यांची मुलं सरळ असतात त्यांना कडक नियम फार आवडतात.

बॅगा तपासायला रोज फाटकाशी दोन आयांची पाळी लावली. कोणीतरी विचारलं, नोकरीवाल्यांचं काय? "ड्यूटी मुलांपेक्षा मोठी आहे का?" असं म्हणून मी विषय संपवला. तेव्हापासून सिस्टर रात्रपाळी करून तशीच पांढऱ्या गणवेशात फाटकाशी यायची आणि दुसऱ्यांच्या पोरांचे डबे हुंगायची. तिच्या स्वतःच्या पोराची बॅग मात्र माझी खास मैत्रीण तपासायची, दोनदा. शाळेत त्याचं नाव 'शूटर' पडलं.

एका शुक्रवारी सकाळी ती माझ्याकडे आली.

"वहिनी, पोराच्या मागे लागलेत ओ सगळे. बसमध्ये चढला की हात वर करतात त्याला बघून. तुम्ही मॅडमना सांगा ना. तुमचं ऐकतील त्या."

"बसा ना सिस्टर. चहा टाकते."

"चहा नको. रात्री झोपत नाही ओ तो."

"रात्री तुम्ही घरी नसताच. मग तुम्हाला कसं कळतं?"

हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. काय नेम होता! टाचणी लावावी तसं बसलं ते.

"त्याचे बाबा असतात," ती म्हणाली आणि उठली. दारात चपला घालताना तिने विचारलं, "तुमचा बरा आहे ना, वहिनी?"

"माझा? माझा अगदी उत्तम."

माझा उत्तम मुलगा त्या वेळी आतल्या खोलीत होता आणि बाहेर येत नव्हता. कोणी घरी आलं की तो बाहेर यायचाच नाही. कारण तो आला, की बाईसाहेबांचा प्रयोग सुरू व्हायचा. त्याच्या मराठीची नक्कल हा माझा हातखंडा होता. "मी जेवण खाल्लो," "ती बस येला," त्याचं खांदे पाडून उभं राहणं, शब्द सापडेना की ओठ चाटणं, सगळं मी हुबेहूब करायची. पाहुणे पोट धरून हसायचे. पुण्याच्या घरात आम्ही सगळी अशीच वाढलो होतो, एकमेकांच्या टोप्या उडवत. माझ्या वडिलांनी माझ्या नाकावर कविता केली होती. मला वाटायचं, हेच प्रेम. तो सातवीत गेल्यावर मराठी बोलायचाच थांबला, सगळी उत्तरं इंग्रजीत द्यायला लागला. मग मी त्या इंग्रजीची नक्कल बसवली.

नवरात्र संपलं की मंडळात मुलांचं नाटक असायचं. त्या वर्षी स्वातंत्र्याच्या काळातलं होतं, दिग्दर्शक अर्थात मी. मुलाला गोऱ्या अधिकाऱ्याचं काम दिलं. "तुझं मराठी आयतंच गोऱ्या साहेबाचं आहे," असं सगळ्यांसमोर सांगून दिलं. या अधिकाऱ्याला शेवटी गोळी झाडायची होती आणि आवाज खणखणीत हवा होता, म्हणून पुण्याहून येताना मी टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं. पत्र्याचं, काळं, अगदी खऱ्यासारखं. पिस्तूल साडीच्या घडीत आणि टिकल्यांचे रोल थालीपिठाच्या भाजणीच्या डब्यात. विमानतळावर कस्टमवाल्याने डबा उघडला, नाक खुपसलं, शिंकला आणि जा म्हणाला. एकाच सामानात व्याख्यानाची टिपणं आणि पिस्तूल होतं, आणि बाईसाहेबांना त्यात काही खटकलं नाही. ते नाटकाचं सामान होतं ना.

खंडेनवमी शुक्रवारी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा असते. पाटावर नवऱ्याचा कॅल्क्युलेटर, गाडीची किल्ली, विळी, मिक्सर, शिलाई मशीनची कात्री मांडली. नाटक पुढच्या शुक्रवारी होतं, त्याला यश यावं म्हणून पिस्तूलही ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. पत्र्याला थोडं तेल होतं, कुंकू चांगलं धरलं.

दुपारी तालीम झाली. मुलगा गोळी झाडायच्या जागी येऊन थांबला, ओठ चाटले, वाक्य विसरला. मी स्टेजवर गेले, त्याच्यासारखे खांदे पाडले, त्याच्यासारखे ओठ चाटले आणि त्याच्या आवाजात म्हटलं, "मी... मी तुला मारून टाकलो." वीस-पंचवीस पोरं होती. मुली तर खाली बसून हसत होत्या. तोही हसला. तो हसला हे मी नवऱ्याला घरी येऊन मुद्दाम सांगितलं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात दसऱ्यासाठी चक्का फेटत होते. मागे खट्‌ असा आवाज झाला. पुन्हा झाला.

"लायटर खाली ठेव," मी न वळता म्हटलं. "मोडलास तर बाबा ओरडतील."

दसऱ्याची सुट्टी तिथे नसते. शनिवारी मुलगा शाळेत गेला आणि तासाभराने फोन आला, ताबडतोब या. मी वेलदोड्याच्या हातांनीच टॅक्सीत बसले.

प्रिन्सिपॉलबाईंच्या खोलीत तिघं होती. टेबलापलीकडे त्या, भिंतीशी माझा मुलगा आणि त्याच्या शेजारी सिस्टर, गणवेशात. त्या दिवशी फाटकाशी तिची पाळी होती. टेबलावर टिश्यू पेपरवर पिस्तूल. त्यावर तांबडे डाग.

"मला वाटलं रक्त आहे," प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या. "यांनी सांगितलं, पूजा आहे."

"काल आमच्यात हत्यारांची पूजा होती, मॅडम," सिस्टर तिच्या हिंदीत सांगत होती. "माझे मिस्टर वेल्डिंग मशीनला पण लावतात. आणि हे खोटं आहे, ड्रामाचं आहे, तालमीत मी बघितलंय." मग माझ्याकडे वळून मराठीत, हळूच, "मी लपवणारच होते, वहिनी. हाच सगळ्यांसमोर म्हणाला, घ्या ती गन, मला नको."

मला इतकं हायसं वाटलं! टेबलावरचं पिस्तूल बघून मला वाटलं होतं, माझ्या मुलाची जागा माझ्याच नियमाखाली जाणार. आता बाईसाहेब खुर्चीत सावरून बसल्या आणि खंडेनवमीचं सांस्कृतिक महत्त्व सांगायला लागल्या. प्रिन्सिपॉलबाईंनी ते थोडं ऐकलं.

"खेळणं आहे, मान्य," त्या म्हणाल्या. मग मुलाला विचारलं, "पण शाळेत का आणलंस? कोणाला दाखवायला?"

"कचऱ्यात टाकायला," तो इंग्रजीत म्हणाला. "घरी ठेवायची नव्हती."

"का?"

त्याने ओठ चाटले.

"काल मम्मी किचनमध्ये पाठ करून उभी होती. मी पॉइंट केली. ट्रिगर ओढला. रिकामी होती. इट फेल्ट नाइस. म्हणून पुन्हा ओढला. मग मला भीती वाटली."

सिस्टरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात माझा असायला हवा होता, असं आता लिहायला ठीक आहे. तेव्हा मी काय केलं ते सांगते. मी प्रिन्सिपॉलबाईंना म्हटलं, "मॅडम, हा गेम्सचा परिणाम आहे."

त्यांनी खणातून माझीच टिपणं काढली.

"घरी व्हिडिओ गेम आहे?"

"नाही. मी घेऊच दिला नाही."

"टीव्ही फार बघतो?"

"फक्त बातम्या. आमच्याबरोबर."

"खेळायला जागा?"

"रोज खाली फुटबॉल खेळतो."

"तुम्ही नोकरी करता?"

"नाही. मी पूर्ण वेळ घरीच असते."

"हो," प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या आणि कागद मिटला.

पुढे बरीच वर्षं मी या 'हो'वर चिडत राहिले. आता तशी बातमी आली, आणि येतातच त्या, की टीव्हीवरचे तज्ज्ञ कारणं मोजायला लागतात. मला त्यांच्यात बाईसाहेब दिसतात. ज्याला हसतात ते प्रत्येक पोरगं काही कोणाला मारत नाही, बहुतेक जण नुसते गप्प होतात. आणि माझ्या पोरानं ते कचऱ्यात टाकायला नेलं, यात माझं काही कर्तृत्व नाही. पण मला एक माहीत आहे, जे त्या टिपणांत नव्हतं. त्या संध्याकाळी आमच्या घरात पिस्तूल होतं ते पत्र्याचं. काही घरांत त्याच संध्याकाळी कपाटात खरं असतं. मी चक्का फेटत होते आणि मला गंधही नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी श्रीखंड झालं ते एवढ्याच फरकामुळे.

तर प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, "खेळणं म्हणून मी सोडून देऊ शकते. समितीचं मत?"

समिती म्हणजे मी. मी तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाली, "ठेवा ओ त्याला, मॅडम. पोर आहे. तो रूलच काढून टाका, सगळ्यांसाठी."

रणगाडेवाल्याची आई माझ्या मुलाची वकिली करत होती आणि मला त्याचाही राग आला.

"नको," मुलगा म्हणाला. आणि मग मराठीत, नाटकातली वाक्यं सोडली तर दोन वर्षांत पहिल्यांदा, अडखळत, "मला टीसी पायजे. मी पुण्याला जातो. मावशीकडे."

आणि माझं तोंड आपोआप चाललं. शपथेवर सांगते, त्याला धरून ठेवायचं होतं, जाऊ नकोस म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते त्याच्या आवाजात, खांदे पाडून, "मला टीशी पायजेऽ."

कोणी हसलं नाही. तोही नाही. त्याने फक्त प्रिन्सिपॉलबाईंकडे बघितलं, बघितलंत ना, अशा नजरेने.

"वहिनी," सिस्टर म्हणाली, "आता गप्प बसा."

मी गप्प बसले. त्यानंतर त्या खोलीत माझी गरजच उरली नाही. प्रिन्सिपॉलबाईंनी नवऱ्याला बोलावून घेतलं. तो ऑफिसातून आला, मुलाशी व्हरांड्यात उभं राहून खूप वेळ बोलला आणि आत येऊन त्याने टीसीच्या अर्जावर सही केली. गाडीत मी विचारलं, "तू काय असा सही करून मोकळा झालास?"

"त्याने मला मेमध्येच विचारलं होतं, पुण्याला जाऊ का," नवरा म्हणाला. "मी म्हटलं, आईशी बोल."

"मग बोलला का नाही?"

नवऱ्याने आरशातून मागच्या सीटवर बसलेल्या मुलाकडे बघितलं.

दिवाळीच्या आत तो गेला. नवरा पोचवून आला. मला विमानतळाच्या आत सोडत होते, पण मुलगा म्हणाला, बाबा पुरेत. शाळेने नियम मागे घेतला, आणि सिस्टरचा मुलगा पुढे त्याच शाळेतून चांगले मार्क घेऊन बाहेर पडला. मी समिती सोडली. समितीने आग्रह केला नाही.

दर शुक्रवारी मी पुण्याला फोन करायची. तो फाइन, ओके, बाय एवढंच म्हणायचा. मग फोन माझ्या बहिणीकडे. मला वाटायचं, खंगला असेल, रडत असेल, आठवड्यात परत येतो म्हणेल. मी त्याची खोली आवरून ठेवली होती. महिन्याभराने बहीण म्हणाली, "अगं, केवढं बोलतं हे पोरगं! आणि विनोदी किती! काल जेवताना आम्हाला ठसका लागला."

"काय एवढं?" मी विचारलं. माझा मुलगा विनोदी आहे ही मला बातमी होती.

"कुवेतच्या गमती सांगत होता," ती म्हणाली आणि घाईने पाण्याची टंचाई, भाजीचे भाव असलं काहीतरी बोलायला लागली. कोणाच्या गमती, ते मी विचारलं नाही.

तो परत आला नाही. सुट्टीत यायचा, पाहुण्यासारखा, बॅग न उघडता राहायचा. बारावी, इंजिनिअरिंग, नोकरी, लग्न, सगळं पुण्यालाच. वाईट झालं नाही त्याचं. उलट चांगलं झालं, आणि मला गिळायला जड जातं ते हेच. माझ्यापासून लांब गेल्यावर त्याचे खांदे वर आले.

आता आम्हीही पुण्याला आलो आहोत, त्याच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तो आमची औषधं आणतो, दर रविवारी जेवायला बोलावतो, आवाज कधी चढवत नाही. त्याला एक मुलगी आहे, पहिलीतली. पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे शाळेतली कविता म्हणताना अशी काही बोलते की ऐकत राहावं. गेल्या रविवारी ती माझ्यासमोर उभी राहिली, हात मागे बांधले आणि कविता म्हटली. माझ्या तोंडात ती नक्कल तयार होती, दातांच्या फटीसकट. शेजारच्या खोलीत त्याच्या लॅपटॉपचा कीबोर्ड वाजत होता, तो थांबला.

"आजी, सांग ना, कशी म्हटली मी?"

"छान," मी म्हटलं.

"नुसतं छान?"

"थांब गं, मी आलो," आतून तो म्हणाला. बाहेर आला, माझ्याकडे बघून हसला आणि सोफ्यावर आम्हा दोघींच्या मध्ये येऊन बसला.